मागची डावी जागा

चिखली, मंगळवार

सौ. मुक्ता,

आशीर्वाद. गुडघ्याला तेल लावतेस ना?

समाधाननं छोटी नवी गाडी घेतली. स्टेअरिंग ताकातल्या रवीसारखं हलकं फिरतं, आवाज जात्याइतकाही नाही. काल आम्ही दोघं बाप-लेक चाकणला जाऊन आलो.

दोन वर्षांपूर्वी आपला निरंजन अपघातात गेला, त्या वळणावर थांबून नारळ वाढवला. परत बसताना सवयीनं तोंडातून निघालं, "चल रे बाळा." अशा जागी हाक मारू नये, हे ठाऊक असून चुकलो.

गाडी निघताच टूं-टूं वाजायला लागली. मागं बसलेल्यानं पट्टा लावला नाही की ती अशी ओरडते. मागं तर कुणीच नव्हतं.

"आबा, सेन्सर बिघडला असंल," समाधान म्हणाला. पण आरशात त्यानं पाहिलं नाही.

मी गाडी थांबवायला लावली आणि उतरून मागच्या डाव्या जागेचा पट्टा लावला. गाडी गप्प झाली.

घरी आल्यावर तो सोडायला हात धजेना. अजून लावलेलाच आहे.

निरंजन गेल्यापासून तू माहेरीच राहिलीस, या रस्त्याला पाऊल टाकलं नाहीस. रविवारी न्यायला येतो. मागं उजवीकडं बस. भिऊ नकोस, आपलंच लेकरू आहे.

तुझी वाट बघणारा,
बबन