'वार्ताहर' म्हणजे कोण?

४ ऑगस्ट, सोम.
नववी ब. फळ्यावर तक्ता काढला. बातमी कोणी दिली? तो तिथं गेला होता का? फायदा कोणाचा? खात्री कोणाला विचारून केली? शेवटी विश्वास, दहापैकी. प्रत्येकानं एक कात्रण आणायचं. १५ ऑगस्टला तक्ते व्हरांड्यात लागणार. पोरं खूश, मीही. लासुर्णे ते इंदापूर एसटीत उभी राहून आले तरी पाय दुखले नाहीत.

६, बुध.
सानिकाचं कात्रण : 'वस्तीवर घरोघरी नळाला पाणी'. फोटोत अण्णा, आपले पुढारी, नळाखाली ओंजळ धरून. त्याच पानावर अण्णांच्या वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात. बातमीला नाव नाही, नुसतं 'इंदापूर, वार्ताहर'. तालुक्याच्या बातमीला नाव असतंच कुठं!
पोरगी त्याच वस्तीवरची. म्हणाली, "बाई, त्या दिवशी टँकर जोडून नळ सोडला व्हता. दुसऱ्या दिवसापासनं थेंब न्हाय. आमी अजून विहिरीवरच जातो." मग विचारलं, "ह्यो वार्ताहर कोण हाय?"
"माहीत नाही," म्हणाले मी.
माहीत नाही म्हणे! बातमी माझ्या स्वयंपाकघरात टाइप झाली. यांनीच केली. समोर चहा ठेवत होते मी.

७, गुरु.
यांना विचारलं, वस्तीवर गेला होतात का. नाही. अण्णांच्या माणसानं फोटो आणि मजकूर मोबाइलवर पाठवला, यांनी वरची ओळ बदलून पुढं धाडला. सगळ्यांनीच तसं केलं म्हणे. बातम्या यांनीच द्यायच्या, जाहिरातीही यांनीच आणायच्या, अण्णांना दुखवून कसं चालेल?
करोनात हाच माणूस रोज सरकारी दवाखान्याच्या दारात उभा राहून बातम्या द्यायचा. तेव्हाही नाव छापलं नव्हतंच. तेव्हा किती अभिमान वाटायचा मला.
म्हटलं, आता तरी जाऊन या, खरं काय ते लिहा. "तू वर्ग सांभाळ, तालुका मी सांभाळतो," म्हणाले आणि गाडी काढून बारामतीला गेले. डबा ओट्यावरच. मुद्दाम ठेवला असणार.

११, सोम.
झेंडावंदनाला पाहुणे अण्णाच. हेडसर म्हणाले, तक्ते जरा चांगल्या बातम्यांचेच लावा. मला आधी काय वाटलं? सुटले! सानिकाचा तक्ता वगळायला आयतं कारण मिळालं. लाज वाटली मग. वार्ताहर कोण ते सांगायचंच ठरवून मधल्या सुट्टीत तिच्यापाशी गेले. ती डबा खात होती. भूगोलाची वही पुरी केलीस का, एवढं विचारून परत आले.

१३, बुध.
चहा पिता पिता यांनी विचारलं, त्या वस्तीला रस्ता कुठून आहे? सांगितला. आता हे बघायला जाणार, की पोरीच्या बापाला गप्प करायला? स्वतःच्या नवऱ्याबद्दल असलं मनात यावं! पोरांना शिकवायला गेले आणि माझ्याच डोक्याला भुंगा लागला.

१४, गुरु. शाळेतच लिहितेय.
तक्ते आले. सानिकानं बातमीला दहापैकी एक दिलाय, नळ तरी खरा आहे म्हणून. 'बातमी कोणी दिली?' पुढं : कळलं नाही. 'खात्री कोणाला विचारून केली?' पुढं : बाईंना विचारलं. बाईंनाही माहीत नाही.
त्याखाली पट्टीनं आखून एक रकाना तिनं मनानंच वाढवलाय. बाईंवर विश्वास : दहापैकी दहा.
शिपाईमामा दोनदा येऊन गेले, लावू का म्हणून. थांबा म्हटलं. टाचण्यांची डबी माझ्याच हातात आहे. सानिका बाहेर उद्याच्या रांगोळीचे ठिपके काढतेय. खिडकीतून हाक मारली.
येतेय, ओढणीला हात पुसत.