अंगणातली लाकडी मोटार

४ जाने. ७८, बुध.
नवी वही. आधी सगळ्यांची चौकशी, मग बाकीचं.
सौ.: उजवा गुडघा ताठ तो ताठच, पण झोप लागली म्हणते. मुलगा दत्ता: कंपनीत मशिनवर उभं राहून पाठ धरली आहे. सांगत नाही, चालण्यावरून कळतं. सूनबाई सुमन: बरी. नात बेबी: खोकला उतरला, बडबड चढली. शेजारचे रामभाऊ: संधिवात, जीभ मात्र ठणठणीत. मी: एक दाढ हलते, बाकी गाडा चालू. खेडच्या अक्का, म्हणजे सौ.ची थोरली बहीण: ठाऊक नाही. मागल्या कार्डात डोळ्यांना अंधुक दिसतं असं होतं. बहिणी-बहिणींची गाठभेट नाही याला चार वर्षं झाली.
संध्याकाळी दत्ता म्हणाला, "अण्णा, तुमचा फंड आलाय. मोटार घेऊ. आईला अक्कामावशीकडं नेऊ."
आतून सौ.: "मला पुन्यांदा पोत्यावानी उचलणार आसाल तर मोटारबी नगं आन् इमानबी नगं."
ती असं का म्हणते ते आम्हा दोघांना ठाऊक.
विहिरीच्या पायरीवरून पडली, गुडघा कायमचा ताठला. त्यानंतर एकदाच बाहेर नेली, भाचीच्या लग्नाला. चौघांनी उचलून टेम्पोत ठेवली. पदर घसरला. कुणीतरी हसलं. तेव्हापासून तिचं जग म्हणजे घर आणि अंगण.

५ जाने., गुरु.
गुरुवार, म्हणून आमच्याकडल्या कंपन्यांना सुट्टी, वीजही नाही. दत्ता आणि मी सायकलींवर मोटारी बघायला. नव्या मोटारीला नंबर लावावा लागतो. तो नंबर लागेपर्यंत बेबीच्या लग्नाची वरात त्यातून निघेल. तेव्हा जुनीच.
तीन बघितल्या. लष्करी लिलावातली जीप. पिंपरीच्या कापडवाल्याची ठेंगणी, चापूनचोपून. आणि चिंचवडला एका म्हाताऱ्या डॉक्टरांची, मोठी, गोलमटोल. वहीपुरती नावं: जीप, धाकटी, थोरली.
थोरलीचं दार उघडून आत बसलो नि बोलायचं विसरलो. मोटारींचे सुटे भाग बनतात त्या कारखान्यात तीस वर्षं काढली, पण असा आत कधी बसलो नव्हतो. काच किती मोठी! बसल्या जागी हाताला कडी, कोपराला टेकण, पायाला जागा. कुणीतरी न बघितलेल्या माणसाच्या अंगाला बेतून हे सगळं केलं. शिंप्यालासुद्धा माप द्यावं लागतं.
दत्ताच्या टेपनं तिन्ही गाड्यांची मापं घेतली: बैठक जमिनीपासून किती, दार किती, पाठीपासून दाराच्या पुढल्या खांबापर्यंत किती. कापडवाला म्हणाला, "काका, मोटार घेताय का कपाट?"

६ जाने., शुक्र.
सौ.ला मापं वाचून दाखवली. म्हणाली, "आकड्यावं कशी बसू?"
खरंच की.
दत्तानं सुचवलं, आई मागच्या बाकावर पाय लांब करून आडवी बसेल, प्रश्नच मिटला. सौ. भडकली. "आजाऱ्यावानी मागं न्हाई. म्होरं बसंन. रस्ता बगीन. आन् माझी मी बसंन, माझी मी उतरंन. न्हाईतर ऱ्हाऊ द्या."
दुपारभर तेच डोक्यात. मग उजेड पडला. जन्मभर मी काय केलं? पॅटर्न शॉप. लोखंड ओतायच्या आधी लाकडाचा नमुना करायचा, तो पटला तरच ओतायचं. मग मोटारीला वेगळा न्याय का?

१० जाने., मंगळ.
खोक्यांच्या फळ्या आणल्या. ट्रंकेतून जुनी पोलादी पट्टी, करवत, रंधा काढला. दाढ विसरलो, जेवणही विसरलो. अंगणात थोरली उभी राहते आहे. म्हणजे तिचा तेवढाच भाग: पुढली बैठक, एक दार, छताची कड, खाली फळीची जमीन. बैठकीवर आमचीच गादी, मोटारीइतकीच दबेल अशी कापूस काढून बेतलेली.
रामभाऊ कुंपणावरून: "अण्णा, बैल कुठं जुपायचे हिला?"
म्हटलं, "तुम्ही आहात की."

१२ जाने., गुरु.
पहिली बैठक. सगळ्यांना लांब उभं केलं. सौ. काठी टेकत आली. पाठमोरी झाली, कडीला धरलं, बसली. मग अंग मागं सरकवून ताठ पाय हातानं उचलून आत घ्यायला गेली, तर छताच्या कडेला कपाळ आपटलं.
"लागलं?"
"मोटारीला ईचारा."
दहादा तरी केलं. अकराव्याला पाय आत. पुढल्या खांबाला टाच घासून गेली, पण गेली. मग समोर बघत बसून राहिली. समोर काय, रामभाऊंचा गोठा. तरी बघत होती.

१५ जाने., रवि.
काल संक्रांत. हळदीकुंकवाला सौ. चार वर्षं कुणाकडे गेली नाही, बायकाच येतात. यंदा वाण लुटायचं राहिलं बाजूला. लाकडी मोटारीत बसायला रांग. एकेक जण पदर सावरून बसे, दार लावून घेई, क्षणभर डोळे मिटी. रामभाऊंची बायको तर उतरेचना. "कुटं निगालीस?" सौ.नं विचारलं. ती म्हणाली, "म्हायेरी. मधी बोलू नगंस."
मी ओसरीवरून बघत राहिलो. चार फळ्या आणि एक गादी. माणसाच्या मनाला किती थोडं लाकूड पुरतं!

१९ जाने., गुरु.
थोरली मोडली नाही, बाजूला धाकटी उभी केली. जीपचं काम पायरीवरच निकालात. एवढा उंच पाय तिनं टाकायचा म्हणजे मीच उचलायला जावं लागेल.
धाकटीत पाय सहज गेला. दत्ता खूश: "आई, हीच. पेट्रोल कमी खाते, सुटे भाग मिळतात, अरुंद गल्लीत वळते." सगळं खरं.
सौ. आत बसली, पण उठता येईना. बैठक खाली. काठी रोवली, कडी ओढली, तोंड लाल झालं. सुमन धावली तर हातानं थांबवली. बराच वेळ लागला. उभी राहून दम घेतला नि म्हणाली, "बसाया कुणालाबी जमतं दत्तू. उठाया आलं पायजे."
तीस वर्षांत आमच्या इंजिनियर लोकांकडून इतकं नेमकं बोलणं ऐकलं नाही.
ठरलं. थोरली.

२ फेब्रु., गुरु.
चिंचवडला डॉक्टरांकडे. दत्तानं ओळखीचा मेकॅनिक नेला होता. इंजिन ऐकलं, खाली शिरून बघितलं, दोन ठिकाणी गंज आहे, बाकी बरी म्हणाला. डॉक्टर म्हणाले, "बायको गेली. एकट्याला एवढी मोठी गाडी खायला उठते हो." तळेगावचं एक गिऱ्हाईक पुढल्या शुक्रवारी येणार आहे, त्याच्या आत सांगा म्हणाले.
लाकडी मोटारीचं सांगितलं. हसतील वाटलं. चष्मा पुसत म्हणाले, "गुरुवारी गाडी मीच घेऊन येतो. तुमच्या मंडळींनी पास केली तर तुमची."
सौ. रोज सकाळी दहा वेळा चढते, उतरते. आता काठीही लांब ठेवते.

९ फेब्रु., गुरु.
आजचं नीट लिहायचं आहे.
डॉक्टरांनी थोरली अंगणात आणली. खरी मोटार लाकडी मोटारीशेजारी. सगळी आळी कुंपणाला. सौ.नं ठेवणीतलं लुगडं, नवी टायरच्या तळाची चप्पल. पाठमोरी झाली, बसली, मागं सरकली, पाय उचलला, आणि टाच खांबाला अडली.
पुन्हा. अडली.
आणखी मागं सरकली. पुन्हा अडली. थोडक्यात, अगदी थोडक्यात. रामभाऊसुद्धा गप्प, हे जास्त वाईट.
नजर लाकडी मोटारीवर गेली, भिंतीला टेकलेल्या माझ्या पट्टीवर गेली, आणि सगळं कळलं. माझी पट्टी पॅटर्न शॉपची. ओतलेलं पोलाद थंड होताना आटतं, म्हणून नमुना मुद्दाम मोठा करायचा. त्यासाठी त्या पट्टीवरचा प्रत्येक इंचच जरा मोठा आखलेला असतो, फुटामागं पाव इंच. मापं घेतली साध्या टेपनं, कापलं त्या पट्टीनं. तीन फुटांना पाऊण इंच जादा. नव्या पोरांना ह्याच चुकीवरून मी उभं-आडवं झोडलेलं! लाकडी मोटारीत काय आटणार होतं? महिनाभर तिला खोट्या जागेत बसवत होतो.
डॉक्टर पुढं झाले, "बाई, मी जरा पाय धरू का?"
"नगं डाक्टर."
दत्ताही पुढं झाला. "आई, एवढंच..."
"कुणी हात लावायचा न्हाई." आवाज चढलेला नव्हता. खाली बघत होती. मला वाटलं, संपलं. आता ही उठून आत जाईल आणि परत बाहेर येणार नाही.
तिनं वाकून उजव्या पायातली चप्पल काढली. टायरचा तळ, चांगला जाड. खाली ठेवली. "देवळात जाताना काढतेच की," म्हणाली. पाय उचलला. टाच खांबाला घासली आणि आत गेली.
दार तिनंच ओढून घेतलं. बंद झाल्याचा तो आवाज!
आळीत कुणीतरी टाळी वाजवली. मी नाही वाजवली.
मग तिनं दार उघडलं, पाय बाहेर, एका झटक्यात उभी. चप्पल घातली. डॉक्टरांना म्हणाली, "चांगली हाय तुमची गाडी. च्या घेऊन जावा."

१० फेब्रु., शुक्र.
सौ.ला चूक कबूल केली. पट्टी दाखवली. तिनं उलटीपालटी करून बघितली. म्हणाली, "म्हंजी तुमी मला आटणारी धरली व्हय?"
पट्टी ट्रंकेत तळाशी ठेवली.
बेचाळीस वर्षं संसार झाला. हिचं माप मला अजून लागलेलं नाही.

१६ फेब्रु., गुरु.
थोरली घरी आली. नारळ, हळदकुंकू. दत्ता चालवायला, सौ. पुढं, मी, सुमन, बेबी मागं. नदी ओलांडून पिंपरी, मग भोसरी, नाशिकचा रस्ता.
सौ. काचेतून बघत होती. चार वर्षांपूर्वी जिथं बाभळी बघितल्या तिथं आता लांबच लांब भिंती, धुराडी, शिफ्ट सुटलेले सायकलवाले (इकडल्या कंपन्यांचा सुट्टीचा वार वेगळा), सायकलींचा पूरच म्हणा. मान इकडून तिकडे. एकदा हळूच: "दत्तू, ही समदी माणसं रोज जात्यात?" "व्हय आई." "आन् तू बी ह्यातच?" "व्हय." मग तिनं त्याच्या पाठीकडे बघितलं. नुसतं बघितलं.
हे सगळं ज्यातून उभं राहिलं त्यातली काही लाकडं माझ्या हातची. पण मी रोज सायकलवर मान खाली घालून गेलो. बघितलं आज, हिच्या खांद्यावरून.
मोशीच्या पुढं इंद्रायणीच्या पुलापाशी म्हणाली, "थांबव." उतरली, एकटी. दोन्हीकडं कणसं भरलेली ज्वारी. वाऱ्यावर उभी राहिली, पदर धरून.
दत्ता म्हणाला, "आई, चाकण आलंच, पुढं खेड. अर्ध्या-पाऊण तासात अक्कामावशीच्या दारात."
"आज न्हाई."
आम्ही एकमेकांकडे बघितलं. ज्यासाठी एवढा खटाटोप केला! पण हिला का म्हणून विचारण्यात अर्थ नसतो. परत फिरलो.

१७ फेब्रु., शुक्र.
सकाळी चहाच्या आधीच: "कार्ड काढा. मी सांगते तसं लिवा. तुमची भाषा घालू नका."
तिनं सांगितलं ते इथं उतरून ठेवतो. कार्ड पेटीत टाकून आलो. उत्तराची वाट.

"अक्कास नमस्कार. तुजी तब्बेत कशी, डोळं कसं, म्हस येली का. आमी समदी बरी हाय. आमी मोटार घेतली. मी माज्या पायानं चढते, माज्या पायानं उतरते, कुणी हात लावत न्हाई. काल तुज्याकडं यायला निगाले व्हते, अर्ध्यातनं माघारी आले. नुसतं येऊन च्या पिऊन काय करू. तुला न्यायला येनार हाय. तुला आजून दिसतंय तवर काय काय बगायचं ऱ्हायलंय त्ये सांग. लांबचं आसलं तरी सांग, लाजू नगंस. म्होरल्या शिटावं तू बस, तितनं समदं दिसतंय. मी मागं पाय पसरून बसंन, मला चालतंय. कुटं जायचं त्ये तूच ठरीव, आन् कार्ड बिगीबिगी धाड."