बशीखालची चिठ्ठी

वादी कबीर, लेकीच्या घरी, १२ फेब्रुवारी १९९८, संध्याकाळ

सनाने आज पुन्हा माझ्या चहाच्या बशीखाली चिठ्ठी ठेवली. एकाच घरात राहतो, पण नात तोंडाने विचारत नाही. शाळेसाठी तिला राणीच्या काळातल्या एका विलायती साहेबावर लिहायचं आहे. तो घरी बसून खलाशांना, कबुतरं पाळणाऱ्यांना पत्रं पाठवून जीवजंतूंची माहिती विचारायचा. म्हणून हीपण मला पत्रंच लिहिते.

कालचा प्रश्न, गलबताच्या बुडाला चिकटणारे पांढरे कठीण दाणे कसे काढतात? इथे आखातात, सूरच्या बंदरात, वीस वर्षं मी तेच खरवडले. लिहिलं, गलबत गोड्या पाण्यात ठेवलं की ते मरतात, मग खरवडायला सोपे. पण तेव्हापासून जीव खालीवर. सगळेच मरतात का? मी चौथी शिकलेला. माझ्यामुळे पोरीचे मार्क गेले तर?

दुपारी जेवताना म्हटलं, "टीचरला एकदा विचार गं."

"नाना, टीचरने कधी बोट घासली आहे का?"

लेक हसली. मला हसू आलं नाही. परवा माझं विमान, व्हिसा खलास. रत्नागिरीला गेल्यावर मी सनाला कशाला आठवेन? आणि ते दाणे, गोड्या पाण्यात मरतातच ना?

चिठ्ठी आत्ता उघडली. वाकडंतिकडं मराठी. "नाना, तो साहेब त्या लोकांना भेटला नाही तरी खूप वर्षं लिहायचा. तुमचा रत्नागिरीचा पत्ता काय? पिनकोडपण."

पिनकोडच आठवेना. जुनं पाकीट शोधायला बांधलेली बॅग सगळी उपसली आहे.