पगाराची मर्यादा आणि धोंड्याचे जावई

तीर्थस्वरूप दाजींच्या पायाशी अणदूरहून रामकिसनचा दंडवत.

अमेरिकेत पोराकडं तुमचे गुडघे आणि अक्काची शुगर ठीक असेल, नातू मराठी विसरला नसेल. आमचं म्हणाल तर मातेरं झालंय. त्याला कारण तुम्ही, हे आदरानं कळवतो.

गेल्या दिवाळीत तुम्ही फोनवर तासभर बेसबॉल समजावला. (कळला न्हाय. मी नुसता हूं हूं करत होतो.) एवढंच डोक्यात राहिलं, की तिकडं पैसेवाला संघ चांगले खेळाडू उचलतो, पुन्हा पुन्हा चॅम्पियन होतो, म्हणून लोक ओरडतात, संघाच्या पगाराला मर्यादा घाला, आणि खेळाडू म्हणतात, आमच्या घामाचा भाव ठरवणारे तुम्ही कोण? मला लोकांचं पटलं. इथल्या टेनिसबॉल क्रिकेट लीगचा मी अध्यक्ष. खडी क्रशरवाला रणधीर दरसाल सगळे चांगले गडी विकत घेऊन कप नेतो. म्हणून यंदा नियमच केला: सगळ्या संघांचा खर्च सारखा, वर एक रुपया न्हाय. सगळ्यात जोरात टाळ्या रणधीरनंच वाजवल्या. तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

लीग ठेवली अधिक महिन्यात. (लग्नं नसतात, मंडप-स्पीकर स्वस्त, पोरं मोकळी.) आणि अधिक महिना म्हणजे जावयाला धोंड्याचं जेवण. रणधीरला लेक न्हाय. तर ह्या बहाद्दरानं खेळाडूंच्या बायका मानलेल्या लेकी केल्या, जावई पाटावर बसवले, धोंडे खाऊ घातले आणि वाण म्हणून कुणाला फ्रिज दिला, कुणाला म्हैस. (बिनलग्नाचे होते ते भाचे झाले.) मी हरकत घेतली तर कमिटीतली म्हातारी माणसं माझ्यावरच उखडली, की जावयाचं वाण पगारात धरणारा तू कसला रे कर्मदरिद्री!

आता पोटातलं सांगतो. माझ्या संघाचा मुख्य बॉलर म्हणजे माझाच जावई, युवराज. मी त्याला रीतीप्रमाणं तांब्याच्या ताटात अनारसे दिले, वर दिवा, शिवाय टॉवेल-टोपी. रणधीरनं बुलेट दिली. दुसऱ्या दिवशी युवराज त्याच्या जर्सीत, आणि आमची लेक शिवांजली त्याच्या मंडपात, त्याच्या बायकोशेजारी. फायनलला जावयानं सासऱ्याचा संघ कापून काढला. कप मलाच द्यावा लागला, अध्यक्ष ना! फोटोत हसलोय. पण लई जळालो दाजी, लई.

तवा तो बेसबॉल आणि ती मर्यादा तुमच्याकडंच ठेवा.

आपला मेहुणा,
रामकिसन

ता.क. मर्यादा काढायचा ठराव मी मांडला. रणधीर म्हणाला, राहू द्या, नियम चांगला आहे.

आणखी ता.क. (पोस्टानं पोचायला वेळ न्हाय, म्हणून पत्राचा फोटो धाडतोय.) अधिक महिन्यात लेक आईची ओटी भरते. शिवांजलीनं रणधीरच्या बायकोची भरली, हिची न्हाय. मीच फोनवर रागानं बोललो, की बुलेट मिळाली तिथंच माहेर कर. आता ही रोज दुपारी ठेवणीतलं पातळ नेसून ओसरीत बसते. विचारलं तर म्हणते, आत उकडतंय. महिना सोमवारी संपतोय. पोरगी तुमचा शब्द मोडत न्हाय. तिला म्हणावं, एकदा आईकडं जाऊन ये. मी सांगितलं म्हणून सांगू नका. युवराजलाही आणू द्या, त्या बुलेटवरच. अंगणातली माझी लुना मी आजच गोठ्यात लावलीय.