टेनरच्या उड्या

१७ ऑक्टोबर, गुरुवार
काय झालंय मला? आज गायनमंडळाच्या तालमीला चर्चच्या नव्या संगीतशिक्षिका, नेस्टलरबाई, यांनी आधीच्या झोल्नर मास्तरांच्या जुन्या वह्या बाजूला सारल्या आणि स्वतः लिहिलेले कागद वाटले. आल्टोला, म्हणजे बायकांच्या खालच्या आवाजाला, मी एकटीच. तिसऱ्याच ओळीत एक वरचा सूर – लागेना. परत. लागेना! एकतीस वर्षं गातेय, एकदा चुकले नाही. वय झालं? की कागदच चुकीचा?

२४ ऑक्टोबर
पुन्हा तेच. बाईंनी जुनी वही उघडली. "एका स्वरमेळातून दुसऱ्यात जाताना प्रत्येकानं जवळच्या सुरावर पाऊल टाकायचं. मग इथे आल्टो एकाच जागी ठाण मांडून का बसलाय? आणि टेनर बिचारा इतक्या उड्या का मारतोय?"
टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज – तो लोथार, माझा नवरा. दर नाताळात उडी मारताना त्याचा आवाज फुटतो, आणि मी त्याला बोकड म्हणते. यंदा सत्तरी!
बाई म्हणाल्या, "त्यांना आता हे झेपत नाही. नाताळाआधीच्या ॲडव्हेंटला नवेच कागद. उल्मानबाई, तुम्हाला जमणार नसेल तर –"
मंडळ सुटलं तर दर गुरुवारी मी करू काय? भीती वाटते.

३१ ऑक्टोबर
लोथार म्हणतो, "जुन्याच वह्या राहू देत. मला झेपतं." कुठे झेपतं! जिना चढताना धापा टाकतो. हा हट्ट कशासाठी, काही कळत नाही.

७ नोव्हेंबर
वृद्धाश्रमात झोल्नर मास्तरांकडे जाऊन आले. सफरचंदाचा केक नेला होता. विचारलंच – "मास्तर, लिहिताना तुम्ही चुकलात का हो?"
"चुकलो ना. मुद्दाम!" दुसरा तुकडा घेतला. "नवऱ्याला विचार."
डोकं चालेनासं झालंय.

८ नोव्हेंबर
लोथार ताटल्या पुसत होता. तीनदा विचारलं, तेव्हा बोलला. "मंडळात घेताना तुझा आवाज तपासला, तेव्हा मास्तर तुला नाहीच म्हणणार होते. पाचच सूर धड लागत होते तुझे. मी म्हटलं, तिला त्या पाचांत ठेवा. उरलेल्या उड्या मी मारतो."
एकतीस वर्षं! आणि मी त्याला बोकड म्हणत होते. खूप रडले.

१ डिसेंबर, ॲडव्हेंटचा पहिला रविवार
नवेच कागद. माझ्या जागी औषधाच्या दुकानातली आनेग्रेट. मी खाली, तिसऱ्या बाकावर. लोथारचा आवाज एकदाही फुटला नाही.