हळदीच्या आधी सुई नाही

२२ एप्रिल २००९. सकाळ.
हात परातीतच धरून ठेवले. हलायचं नाही, असं जान्याने बजावलं होतं. चुन्याची निवळी आणि कसल्याशा सालीचा रस त्याने माझ्या मनगटापासून खाली चोळत आणला आणि परातीतलं पाणी पिवळं झालं. निघाली कावीळ. जान्या पडघ्याच्या पुढच्या पाड्यावरून खास आला. आमच्या घराण्याची कावीळ त्याच्याच घराण्याने उतरवली आहे.
राहीबाई दाराला टेकून बघत होती. म्हणाली, पानी पिवलं झालं, पन तुमचे डोले कवा पांढरे व्हनार? बायकोला धीर नसतो.
भाविकने गंमत म्हणून आपले हात परातीत घातले. त्याचंही पाणी पिवळं. जान्या म्हणाला, नवरदेव, तुमालाबी थोडी हाय. पोरगा हसत सुटला. हसण्यासारखं काय? पुढच्या पंधरवड्यात लग्न, आणि अंगात कावीळ. घरात वेळेवर इलाज करणारा मी एकटा.
उद्यापासून तेल, मासळी बंद.

२५ एप्रिल.
अंगाला खाज. गोडाऊनची धूळ. भाडेकरूला झापलं.
पट्ट्याला नवीन भोक पाडलं. लग्नाच्या धावपळीत वजन उतरतं. बरंच आहे, सफारी नीट बसेल.
मासळी उद्यापासून बंद. आज बोंबील ताजे होते.

२७ एप्रिल.
फसवलं. मांडववाल्याकडे जाऊ म्हणून भाविकने गाडीत बसवलं आणि कशेळीचा पूल ओलांडून सरळ ठाण्यात, हॉस्पिटलच्या दारात. रक्त काढलं. सोनोग्राफी. मग सीटी. मशीनमध्ये श्वास रोखायला सांगतात. मी सांगितल्यापेक्षा जास्त वेळ रोखला. टेक्निशियनला कळलं असणार, हा आजारी माणूस नव्हे.

२९ एप्रिल. दुपार.
डॉक्टर म्हणजे एक तरुण बाई. मला काका म्हणते. तिने फोटो उजेडाला लावला. म्हणे स्वादुपिंड सुजलंय, एका बाजूला गाठीसारखं दिसतंय, त्याने पित्ताची नळी दाबलीय. पिंड शब्द ऐकताच राहीबाई उठून बाहेर गेली.
दोन शक्यता. एक कॅन्सर. तसं असलं तर मोठं ऑपरेशन. दुसरा एक विरळ आजार, ज्यात शरीर आपल्याच अवयवावर उठतं. तो गोळ्यांनी हटतो. फोटोत दोन्ही सारखेच दिसतात, रक्तावरूनही खात्री नाही. म्हणून तोंडातून नळी घालायची. नळीच्या टोकाला सोनोग्राफी. त्यात बघत बघत जठरातून सुई टोचायची आणि स्वादुपिंडाचा बारीक तुकडा काढायचा.
मी शांतपणे विचारलं, गाठ झोपलेली असेल तर तिला टोचून उठवायची कशाला? सुई लागली की पसरते. आमच्या कशेळीत कुणालाही विचारा. ती म्हणाली, काका, ती भीती अगदी थोडी. न तपासता पोट कापलं आणि नंतर कळलं की गोळीने भागलं असतं, तर? मी म्हटलं, कापायचंही नाही. ती पाणी प्यायली.
शिवाय मला गाठ नाही.

१ मे.
भाविक म्हणतो लग्न पुढे ढकलू. मी म्हटलं, पत्रिका वाटल्या, पडघ्यापर्यंत आमंत्रणं गेली, आता सांगू काय, नवऱ्याच्या बापाला गॅस झालाय?
मग तो पोरगा, जो माझ्यासमोर कधी वर मान करून बोलला नाही, म्हणाला, बाबा, सुईला हो बोला, नायतर मी हळदीच्या पाटावर बसत नाय.
राहीबाईने त्याच्या ताटात भाकरी वाढली. माझ्या नाही.
हो म्हटलं. पण अट माझी: हळदीच्या आधी सुई नाही. डॉक्टरीण फोनवर कुरकुरली. शेवटी सात तारीख ठरली, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. ताप आला तर त्याच क्षणी या, म्हणाली. जिंकलो.
सुईला पोट रिकामं लागतं. भरलेलं असलं तर परत पाठवतात. पोट माझं आहे.

५ मे.
हळद. गॉगल लावला. कुणी काही विचारलं नाही. आमच्यात हळदीला निम्मा गाव गॉगल लावतो. धवल्यांची गाणी म्हणणाऱ्या आक्काने भाविकसाठी वाटी उचलली तसं मी म्हटलं, आधी मला. सगळे ओरडले, नाना, तुमचं लगीन हाय का? तोंड, मान, हात, सगळीकडे लावून घेतली. दिवसभर माझ्याइतका निरोगी पिवळा माणूस मांडवात नव्हता. व्याही म्हणाले, तब्येत झकास ठेवलीय.
बेंजोवर नाचायला उठलो आणि खुर्चीत बसलो. बेंजोवाला बेताल वाजवत होता.

७ मे.
लग्नाचे दोन वडे रुमालात बांधून खिशात ठेवले होते. गाडीत खायचे, मग कोण सुई टोचतो बघू. कशेळीचा पूल ओलांडताना खिशात हात घातला. रुमाल होता. वडे नव्हते. राहीबाई पुढच्या सीटवर रस्ता बघत होती.
नर्सने गॉगल काढून घेतला. विचारलं, कावीळ कधीपासून? मी म्हटलं, कावीळ कसली, पोराच्या हळदीची हळद आहे, आमच्यात दोन-दोन दिवस निघत नाही. तिने स्पिरिटचा कापूस घेतला आणि माझा हात पुसला. कापूस पिवळा झाला. सांगितलं ना, मी म्हटलं. तिने दुसरा घेतला. फिका पिवळा. तिसरा. पांढरा. चौथाही पांढरा.
हात तसाच होता.
तिने चारही बोळे टोपलीत टाकले. डॉक्टरीण सुई टोचणार, मी नळी चावणार, असं ठरवलं होतं. हाताच्या शिरेत इंजेक्शन दिलं. त्यानंतरचं आठवत नाही. जागा झालो तेव्हा झालेलं होतं. घसा थोडा दुखतो. याला काय प्रतिकार म्हणायचं.

११ मे.
रिपोर्ट परवा. वाक्य तयार करून ठेवलं आहे. कॅन्सर सांगितला तर म्हणायचं, बस, एवढंच? आरशासमोर म्हणून पाहिलं. चांगलं येतं. तिसऱ्यांदा म्हणताना मागे नवी सून चहा घेऊन उभी. चहा ठेवून गेली.

१३ मे.
डॉक्टरीण म्हणाली, काका, कॅन्सर नाही. तुकड्यात त्या दुसऱ्या आजाराच्या खुणा आहेत. पोट कापायचं नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या, महिन्याने पुन्हा फोटो.
बस, एवढंच, हे वाक्य इथे बसत नव्हतं. मी सांगितलंच होतं, असं म्हणायला तोंड उघडलं. तेही राहिलं. उठलो आणि दाराऐवजी भिंतीकडे निघालो. राहीबाईने दंडाला धरलं. बाहेर बाकावर बसलो आणि बराच वेळ तिच्या पदरात तोंड घालून होतो. भाविक, सून, आणि चौकशीला आलेले व्याही, सगळ्यांसमोर. एसीचा झोत थेट डोळ्यांवर येत होता. तक्रार करायला हवी होती.
राहीबाई म्हणत होती, अवो, पुरं. लोक बघतान.

१४ मे. सकाळ.
गोळ्या घेतल्या. नाश्त्याला उपमा. डॉक्टरणीने मीठ कमी करायला सांगितलं आहे. राहीबाईने घातलंच नव्हतं. सगळा खाल्ला.