मरळीचा वाटा

बा,

परवा माझा सत्कार झाला. देशात कॉम्प्युटर नवे होते तेव्हा एकाच यंत्रावर वीस जणांची कामं कशी चालवायची, कोणाची पाळी कधी, हे मी बसवून दिलं म्हणून. शाल झाली, नारळ झाला, आणि एका मुलीने विचारलं, "मॅडम, यंत्रापासून नावं लपवायची हे तुम्हाला सुचलं कसं?" मी काहीतरी जडजड इंग्रजी फेकलं. तेव्हापासून डोक्यात नुसता गोंधळ आहे. तू जाऊन तीस वर्षं झाली, तरी तुलाच लिहावंसं वाटतंय.

तलावात जाळं ओढून झालं की तू मासळीचे पाच घरांचे पाच वाटे घालायचास. मी सगळ्यांत लहान, म्हणून वाट्यांकडे पाठ करून उभी. तू एकेका वाट्यावर हात ठेवून विचारायचास, "हा कोनाचा?" मी न पाहता घर सांगायचे. मग कोणी हूं की चूं करायचं नाही. एके दिवशी मोठी मरळ एकच होती. माझ्यासमोर कोणाचा तरी घासून लख्ख केलेला पाण्याचा पितळी गुंड ठेवला होता आणि त्यात तुझा हात दिसत होता. हात मरळीवर आला आणि मी म्हणाले, "आमचा."

घरी पोचण्याआधीच तू ती मरळ शेजारच्या काकीला देऊन टाकलीस. आई भडकली, "काहून देली?"

"असू दे. आपल्याले पचनार नाही."

मरळ न पचणारं आपल्या घरात कोणीच नव्हतं.

पुढे ऐंशी सालानंतर तू आपल्या लाखनीहून एसटीने नागपूरला माझं यंत्र बघायला आलास. त्या गार खोलीत अनवाणी, अंग चोरून उभा राहिलास. हे पाळ्या वाटतं, असं मी सांगितल्यावर म्हणालास, "वाटते, त मंग पाठ कोनाकडे करते?" मी हसले. आठवड्याभरात कळलं, यंत्र खरंच नावं बघत होतं आणि मोठ्या साहेबांची कामं पुढे सरकत होती. मी नावं लपवली. तिथूनच मी मोठी झाले.

पण त्या दिवशी जाताना तू माझ्या साहेबांना म्हणालास, "मशीनचं मले समजत नाही साहेब, पन माही पोरगी पाठ फिरवली का मंग पाहत नाही." बोलताना माझ्याकडे बघितलं नाहीस. ते कौतुक होतं, की तुला सगळं ठाऊक होतं? कधी हे वाटतं, कधी ते. विचारायची हिंमत झाली नाही, आणि मग तू राहिला नाहीस.

हे पत्र वहीतच राहणार. त्या मुलीला जे सांगायला हवं होतं ते इथे लिहिते. बा, मी गुंडात पाहिलं होतं.